लीद, लेंड्या आणि गाभण जनावर : वाचकांच्या शंका

गेल्या अंकात एक टिपण होते : रानातल्या सस्तन प्राण्याला हात न लावता, निव्वळ त्याच्या विष्ठेतली संप्रेरके (हार्मोन) मोजून मादी माजावर आहे की गाभण, नर मस्तीत आहे की नाही, हे कसे ओळखतात. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक शंकांना ही उत्तरे. शब्दांची एक सोय आधीच सांगून ठेवतो. मराठीत हत्ती-घोड्याची लीद, गव्याचे शेण, हरणाच्या लेंड्या आणि वाघाची विष्ठा. आम्हीही ते तसेच वापरू, कारण गोळा करण्याची रीतही त्याप्रमाणे बदलते.

रक्तातले प्रोजेस्टेरॉन विष्ठेत येतेच कसे? आणि येत असेल तर माणसांसाठीच्या किटने ते मोजता येईल का? (पशुवैद्यकीय विद्यार्थी, नागपूर)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात आहे. बीजकोशातून निघालेले प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारे संप्रेरक, रक्तातून यकृतात जाते. तिथे त्याची मोडतोड होते, ते पित्तावाटे आतड्यात उतरते आणि आतड्यातले जिवाणू त्यावर आणखी हात फिरवतात. बाहेर पडते तेव्हा मूळ प्रोजेस्टेरॉन नावापुरते उरलेले असते. बाकी सगळी त्याची मोडलेली रूपे, प्रेग्नेन गटातली. ती नेमकी कोणती, हे प्रत्येक प्राण्यात वेगळे. हत्तिणीच्या तर रक्तातच साधे प्रोजेस्टेरॉन फार थोडे असते. तिथे ५-अल्फा गटातली प्रेग्नेन्स मुख्य काम करतात.

माणसांच्या किटमधली प्रतिपिंडे (ठरावीक पदार्थ ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने) अखंड प्रोजेस्टेरॉन ओळखण्यासाठी निवडलेली असतात. लिदीच्या अर्कावर ती लावली की आकडा तळाशी येतो आणि गाभण हत्तीण भाकड ठरते. म्हणून या कामात मुद्दाम ‘ढिली’, म्हणजे गटातल्या अनेक रूपांना चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात. जगभरच्या प्रयोगशाळांत सीएल-४२५ नावाचे प्रतिपिंड याच गुणासाठी चालते.

मार्गही प्राण्यागणिक बदलतो. मांजर-कुळात ही संप्रेरके जवळजवळ सगळी विष्ठेतूनच बाहेर पडतात, त्यामुळे वाघ-बिबट्यांसाठी लघवीपेक्षा विष्ठा बरी. आणि आज रक्तात जे आहे ते विष्ठेत दिसायला वेळ लागतो : मेंढीत सुमारे बारा तास, हत्तीत दीड ते दोन दिवस. एका अर्थी हे सोयीचेच आहे. रक्ताचा नमुना त्या क्षणाचा, विष्ठेचा नमुना बऱ्याच तासांची सरासरी.

आमच्याकडे हत्तींची ये-जा सुरू झाली आहे. लीद गोळा करायची तर नेमके काय करायचे? जवळ फ्रीझर नाही. (वनरक्षक, गडचिरोली जिल्हा)

२०२१ मध्ये छत्तीसगडातून कळप गडचिरोलीत उतरला, त्यामुळे प्रश्न वेळेवर आहे. सरावासाठी तुमच्याच जिल्ह्यातला कमलापूरचा हत्ती कॅम्प उत्तम. तिथल्या हत्तिणींची वये आणि विण्याच्या नोंदी माहीत असतात, रानातल्या हत्तिणीबद्दल तेवढे कधीच कळत नाही.

पहिली अट अशी की लीद कोणाची ते डोळ्यांनी पाहिलेले असावे. कळप पुढे गेल्यावर वाटेत पडलेला गोळा हत्तिणीचा की वयात येणाऱ्या नराचा, हे लीद सांगत नाही. गोळ्याच्या घेरावरून वयाचा अंदाज येतो, पण व्यक्ती कळत नाही. दुरून दुर्बिणीने पाहा, कानाच्या कडेच्या फाटक्या खुणा आणि शेपटीचे केस टिपून ठेवा, आणि कळप पुरता लांब गेल्यावरच जवळ जा. नमुन्यासाठी जिवाची जोखीम घेऊ नका.

दोन तासांच्या आतली लीद घ्यावी. शेणकिडे तोवर पोचलेले असतातच. ते फार खोल गेले असतील तर दुसरा गोळा निवडा. हातमोजे घाला. एक तर रोगजंतूंसाठी, आणि दुसरे म्हणजे हातावर संप्रेरक असलेले एखादे मलम लागले असेल तर तेच नमुन्यात उतरते. गोळा मधोमध फोडा आणि आतल्या भागातून पाच-सहा ठिकाणचे चिमूट चिमूट घेऊन पिशवीत चांगले मळा. संप्रेरके लिदीत सारखी पसरलेली नसतात. एकाच ठिकाणचे घेतले तर त्याच लिदीचे दोन नमुने दोन वेगळे आकडे देतात. बाहेरचा थर टाळा, आणि ज्या गोळ्यावर मूत पडले असेल तो पूर्ण सोडा, कारण मुतातली संप्रेरके लिदीचा आकडा फुगवतात.

आता फ्रीझर. विष्ठा बाहेर पडल्यावरही जिवाणू थांबत नाहीत. उन्हाळ्यात काही तासांत ते संप्रेरकांचे रूप असे बदलतात की आकडा कधी खाली येतो तर कधी चक्क वर जातो. बर्फाचा डबा हातात असेल तर त्यात ठेवा आणि त्याच दिवशी उणे २० अंशाला पोचवा. तेही शक्य नसेल तर रानातच अर्क काढा :

खिशातल्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ०.५ ग्रॅम ओली, मळलेली लीद तोला. घट्ट झाकणाच्या नळीत ५ मिलिलिटर ८० टक्के मिथेनॉल आधीच भरून नेलेले असू द्या. लीद त्यात टाका, दोन ते पाच मिनिटे जोरात हलवा, उभी ठेवा, चोथा खाली बसला की वरचा द्रव दुसऱ्या नळीत ओता. झाकणावर पॅराफिल्मची, म्हणजे ताणून चिकटणाऱ्या मेणकट कागदाची, पट्टी ओढून गुंडाळा, कारण मिथेनॉल उडाले तर अर्क घट्ट होतो आणि आकडा खोटा वाढतो. मिथेनॉल विषारी आहे आणि पेट घेते, म्हणून बिडी-काडीपासून दूर. त्याच लिदीचा दुसरा थोडा भाग वेगळा ठेवून कॅम्पवर ५० ते ६० अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवा, म्हणजे ओलाव्याचे प्रमाण कळेल आणि शेवटचा आकडा कोरड्या वजनावर आणता येईल. उन्हात वाळवू नका. वाळायला लागणारे ते कोमट, दमट तास म्हणजे जिवाणूंना मेजवानी.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई मिथेनॉलने पुसली जाते, आणि हे कळते ते बहुधा चाळीस नळ्या भरून झाल्यावर.

किती वेळा घ्यायचे? आशियाई हत्तिणीचे माजाचे चक्र १३ ते १७ आठवड्यांचे, त्यातला प्रोजेस्टेरॉन गट वर असण्याचा काळ साधारण ६ ते १२ आठवडे. म्हणून आठवड्याला एक नमुना पुरतो, पंधरवड्याला एक चालवून घेता येतो. पातळी वर गेली आणि बारा आठवडे उलटूनही खाली आली नाही, तर हत्तीण गाभण समजायला हरकत नाही. गाभणकाळ २० ते २२ महिन्यांचा. विण्याच्या आधीच्या काही दिवसांत पातळी एकदम तळाला जाते, म्हणून शेवटच्या महिन्यात नमुने रोज घ्यावेत. लिदीतली खूण दीड-दोन दिवस उशिरा दिसते, हे त्या वेळी विसरू नका.

सफारीत वाघ-वाघिणीची जोडी पाहिली. नंतर त्या वाघिणीची एक विष्ठा मिळाली तर ती गाभण आहे का, हे कळेल? (निसर्ग मार्गदर्शक, चंद्रपूर)

एका विष्ठेवरून बहुतेक वेळा नाही. कारण ‘खोटे गाभणपण’.

वाघिणीत बीज सुटते ते मुख्यतः समागमामुळे. बीज सुटले की गर्भ राहो न राहो, बीज सुटलेल्या जागी तयार होणारा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन सोडू लागतो. गर्भ राहिला नाही तरी हे पाच-सहा आठवडे चालते. राहिला तर सुमारे १०५ दिवस. म्हणजे जोडी पाहिल्यानंतर विसाव्या दिवसाची विष्ठा दोन्ही बाबतींत सारखीच ‘वर’ दिसणार. गाय उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, की एकविसाव्या दिवशी पुन्हा माज दाखवते आणि गोठ्यातल्या माणसाला कळते. वाघीण तेवढी सोय देत नाही.

उपयोगाची खिडकी पंचावन्नाव्या दिवसापासून पुढे. त्या काळातल्या, चार-पाच दिवसांच्या अंतराने मिळालेल्या तीन-चार विष्ठा जर त्याच वाघिणीच्या आधीच्या पातळीच्या बऱ्याच वर राहिल्या, तर ती गाभण आहे असे म्हणता येते. मांजर-कुळात आणखी एक चाचणी आहे, प्रोस्टाग्लँडिनच्या मोडलेल्या रूपाची, पीजीएफएम. ते गाभणकाळाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात वाढते आणि खोट्या गाभणपणात वाढत नाही. आयबेरियन लिंक्स या स्पेनकडच्या रानमांजराच्या प्रजननात ती कामी आली आहे.

पण विष्ठा ‘त्याच’ वाघिणीची कशावरून? रस्त्यावरची विष्ठा बिबट्याचीही असू शकते. म्हणून एका विष्ठेचे दोन वाटे करायचे. बाहेरच्या थरावर आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात. तो खरवडून डीएनएसाठी इथेनॉलमध्ये. आतला मळलेला भाग संप्रेरकांसाठी थंडीत. जात, लिंग आणि व्यक्ती डीएनएवरून, अवस्था संप्रेरकांवरून. हैदराबादला सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्र संस्थेची लॅकोन्स ही प्रयोगशाळा दोन्ही प्रकारचे काम करते. मात्र व्याघ्र प्रकल्पातून वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय विष्ठासुद्धा उचलता येत नाही. मार्गदर्शक म्हणून तुम्ही करू शकता ते मोलाचे काम वेगळेच आहे : जोडी पाहिल्याची तारीख, वेळ आणि पट्ट्यांचा फोटो वनरक्षकाकडे नोंदवा. तारखेशिवाय विष्ठेतला आकडा वाचताच येत नाही.

चितळाच्या लेंड्यांवर ईआयए करते आहे. एकाच मादीचे आकडे एका दिवशी ३०, दुसऱ्या दिवशी १४० नॅनोग्रॅम येतात. चूक कुठे असेल? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

ईआयए म्हणजे प्रतिपिंड आणि एन्झाइम वापरून खळग्यांच्या प्लेटमध्ये रंगावरून संप्रेरक मोजण्याची चाचणी. चूक बहुधा प्लेटमध्ये नाही. तिच्या आधी आहे. तुम्ही पद्धत लिहिलेली नाही, म्हणून आम्ही सुरुवातीपासून धरतो.

लेंड्या गोठवून शून्यदाबात सुकवा, खलबत्त्यात कुटा आणि चाळणीतून चाळा. गवताचे तंतू आणि बिया बाजूला काढल्याच पाहिजेत. न पचलेल्या तंतूंत संप्रेरक नसते पण वजन असते. पावसाळ्यात कोवळे गवत आणि मार्चमध्ये कोरडा पाला खाणाऱ्या चितळाच्या लेंड्या न चाळता तोलल्या तर तुम्ही प्रजनन मोजत नाही, चारा मोजता.

बारीक भुकटी ०.२ ग्रॅम घ्या. त्यात ५ मिलिलिटर ९० टक्के इथेनॉल घालून गरम पाण्याच्या बाथमध्ये २० मिनिटे उकळा. आच उघडी नको, आणि नळी कोरडी पडू देऊ नका. सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी-ला (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट जोराने) २० मिनिटे फिरवा, वरचा द्रव काढा. खालच्या चोथ्यात पुन्हा ५ मिलिलिटर तेच इथेनॉल, एक मिनिट व्हॉर्टेक्स यंत्रावर हलवा, पुन्हा फिरवा. दोन्ही द्रव एकत्र करून ४० अंशांना सुकवा आणि उरलेले १ मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलमध्ये विरघळवा. सुकवताना नळीच्या भिंतीवर जी कडा चिकटते, तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. मिथेनॉल त्या कडेवरून फिरवून घेतले नाही तर निम्मा माल भिंतीवरच राहतो, आणि तो दर वेळी वेगळा. तुमच्या उड्यांचे हे एक कारण असू शकते.

प्लेटवर टाकण्याआधी हा अर्क बफरमध्ये पातळ करावाच लागतो. मिथेनॉलचा अंश जास्त राहिला तर प्रतिपिंडे बिघडतात. ही स्पर्धेची चाचणी आहे : नमुन्यातले संप्रेरक आणि एन्झाइम लावलेले संप्रेरक एकाच प्रतिपिंडासाठी भांडतात, म्हणून रंग जितका फिका तितके संप्रेरक जास्त. बंधन (एन्झाइम लावलेल्या संप्रेरकापैकी, नमुना नसतानाच्या तुलनेत, प्रतिपिंडाला चिकटलेला वाटा) २० ते ८० टक्क्यांच्या बाहेर गेले तर तो आकडा वाचू नका, वेगळ्या पातळीवर पातळ करून पुन्हा लावा. प्रमाण द्रावणांवरून काढलेली वक्ररेषा टोकांना जवळजवळ आडवी होते आणि डोळ्याला न दिसणारा रंगाचा फरक आकड्यात दुप्पट होऊन येतो.

हिशेब एकदा हाताने करा. समजा ४० पट पातळ केलेल्या अर्काचे ५० मायक्रोलिटर घातले आणि २० पिकोग्रॅम आले. म्हणजे मिलिलिटरला ४०० पिकोग्रॅम. गुणिले ४०, म्हणजे १६,००० पिकोग्रॅम, अर्थात १६ नॅनोग्रॅम. अर्क १ मिलिलिटर आणि भुकटी ०.२ ग्रॅम, म्हणून १६ भागिले ०.२, ग्रॅमला ८० नॅनोग्रॅम. आता पाहा : भुकटी खरे तर ०.१७ ग्रॅमच होती आणि वहीत सवयीने ०.२ लिहिले, तर ९४ च्या जागी ८० आले. प्रत्येक नळीचे खरे वजन लिहा.

एवढे करूनही आकडे उड्या मारत असतील तर नमुने मिसळलेत. चितळे कळपाने एकाच जागी लेंड्या टाकतात. शेजारच्या मादीच्या लेंड्या पिशवीत आल्या की दोघींची सरासरी हाती येते. टाकताना पाहिलेला एकच ढीग घ्या.

तुमच्या मार्गदर्शकांना हे दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, समांतरता तपासली का? अनेक नमुन्यांचा एकत्र अर्क दर वेळी निम्मा पातळ करत गेल्यावर त्याची रेषा प्रमाण द्रावणाच्या रेषेला समांतर पडली पाहिजे. नाही पडली तर विष्ठेतले दुसरेच काही चाचणीत लुडबुडते आहे. दुसरा, जैविक पडताळणी झाली का? प्राणिसंग्रहालयातल्या, विण्याची तारीख माहीत असलेल्या मादीचे आधीचे आणि नंतरचे नमुने लावून आकडा खरोखर कोसळतो का, ते पाहिले पाहिजे. एकाच प्लेटमधला फरक १० टक्क्यांच्या आत आणि प्लेट-प्लेटमधला १५ टक्क्यांच्या आत ही सर्वसाधारण मर्यादा. हे सगळे जमले तरी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी तुलना करू नका. प्रतिपिंड बदलले की मोजपट्टीच बदलते.

‘वर’ कशाला म्हणायचे, त्याची रीत सोपी आहे. एका मादीच्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढा, तिच्यात प्रमाण विचलनाची दीडपट मिळवा, त्याहून मोठे आकडे वगळा आणि उरलेल्यांवर पुन्हा तेच करा. वगळण्यासारखे काही उरले नाही की जी सरासरी राहते, ती त्या मादीची तळपातळी. चितळाचे चक्र तीन आठवड्यांच्या आतबाहेर असते, म्हणून आठवड्याला दोन-तीन नमुने हवेत. एकावर भागवले तर चक्राचा माथा हुकतो.

बिबट्यांच्या माद्यांना गर्भनिरोधक लस देण्याची चर्चा आहे. लस लागू पडली की नाही, हे विष्ठेतून समजेल का? (ऊस उत्पादक, जुन्नर तालुका)

लस कोणती, यावर ते ठरते. पीझेडपी ही लस बीजांडाच्या कवचाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. नराचे बीज आत शिरत नाही, पण बीजकोश आपले काम करत राहतो. त्यामुळे विष्ठेतली संप्रेरके वर-खाली होतच राहणार. फक्त दर वेळी खोट्या गाभणपणाची छोटी चढण दिसेल, लांब चढण दिसणार नाही. जीएनआरएच हे प्रजननाला चालना देणारे मेंदूतले संप्रेरक; त्याच्या विरोधी लस मेंदूकडून येणारा हुकूमच तोडते. तिथे रेषा सपाट होते. म्हणजे एकाच्या यशाची खूण दुसऱ्याच्या अपयशाची.

पीझेडपी अमेरिकेतल्या अ‍ॅसाटीग बेटावरच्या रानघोड्यांवर १९९४ पासून वापरात आहे आणि आफ्रिकेत हत्तिणींवरही चालली. मांजर-कुळाबद्दल मात्र उत्साह आवरलेला बरा. पाळीव मांजरींवरच्या प्रयोगांत ती गर्भधारणा रोखू शकली नाही. प्राणिसंग्रहालयांत मोठ्या मांजरांना कृत्रिम प्रोजेस्टिनचे रोपण दिले, तिथे गर्भाशयाचे आणि स्तनांचे विकार वाढले. डेस्लोरेलिन या जीएनआरएचसारख्या औषधाचे रोपण बरे, पण पहिल्या काही आठवड्यांत ते उलट माज आणते. त्या काळातली विष्ठा पाहून ‘उपाय फसला’ असा निष्कर्ष काढू नये.

उसात विष्ठा शोधणे आणि ती कोणत्या मादीची हे ठरवणे, दोन्ही कठीण. त्यामुळे असा उपाय झालाच तर आधी माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रासारख्या ठिकाणी, पिंजऱ्यातल्या माद्यांवर विष्ठेची तळपातळी बांधून घ्यावी, असे आमचे मत आहे.

समुद्रातल्या प्राण्यांचे काय? इथे ओर्काच्या विष्ठेवर काम होते असे ऐकले. (वाचक, सिअ‍ॅटल)

ओर्का म्हणजे किलर व्हेल. तिच्यावर असे काम होते, आणि या पद्धतीचे ते सर्वांत बोलके उदाहरण आहे. तुमच्या किनाऱ्यावरच्या ‘सदर्न रेसिडेंट’ ओर्कांची विष्ठा थोडाच वेळ तरंगते. बोटीच्या पुढच्या टोकावर उभा प्रशिक्षित कुत्रा वाऱ्यावरून वास धरतो आणि जाळीने ती उचलतात. २००८ ते २०१४ मधल्या नमुन्यांवर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सॅम वॉसर यांच्या गटाने २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला : संप्रेरकांवरून ओळखलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्के तडीस गेल्या नाहीत. थायरॉइड आणि ताणाची संप्रेरके त्याच नमुन्यांत मोजल्यामुळे चिनूक सामन या त्यांच्या मुख्य खाद्यमाशाची टंचाई हे कारण ठळक झाले. नुसती पिल्ले मोजली असती तर ‘जन्म कमी’ एवढेच कळले असते. माद्या गाभण राहतात आणि गाभडतात, हे विष्ठेने सांगितले.

मेडिकलमधली गर्भचाचणीची पट्टी गाई-म्हशीच्या मुतावर चालते का? नाहीतर शेणाची चाचणी गोठ्यात करता येईल का? (दूध उत्पादक, सांगली जिल्हा)

पट्टी चालत नाही. ती एचसीजी हे संप्रेरक ओळखते, आणि ते गाईत नसतेच. शेणाची चाचणी शक्य आहे, पण तुम्हाला तिची गरज नाही. ती ज्यांना धरता येत नाही अशा जनावरांसाठी आहे. भरवल्यानंतर २१ ते २४ दिवसांनी दुधातले प्रोजेस्टेरॉन तपासून घ्या. ते तळाला असेल तर गाय नक्की गाभण नाही. वर असेल तर बहुधा आहे, आणि दोन महिन्यांनी डॉक्टरांकडून हात घालून खात्री करून घ्या.